पाय देवाकडे

मठातून फोन आला तेव्हा मी खुर्चीत बसून उजव्या पायाच्या नडगीला बाम चोळत होते. पलीकडून सेवेकरी काका सांगत होते, की यंदा श्रावणात महाराजांच्या पादुका आमच्या घरी येणार. ही बातमी ऐकून खरं तर मी उड्या मारायला हव्या होत्या. पण पाय असा तापला होता की उडी राहो, धड उभंही राहवेना. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो काही भक्तीचा नव्हता. भिंतीवरच्या तसबिरीकडे बघून मी म्हटलं, महाराज, इतकी वर्षं वाट बघायला लावलीत आणि मुहूर्त काढलात तो असा.

आमच्या मठाची रीत अशी, की चातुर्मासात महाराजांच्या चांदीच्या पादुका एकेका भक्ताच्या घरी दिवसभरासाठी नेतात. सकाळी त्या वाजतगाजत येतात, अभिषेक, आरती, नैवेद्य होतो, शेजारीपाजारी दर्शन घेऊन जातात आणि दिवेलागणीला पादुका परत मठात. मागणारे पुष्कळ, त्यामुळे पाळी लवकर येत नाही. आम्ही नाव दिलं तेव्हा माझ्या सासूबाई हिंडत्याफिरत्या होत्या. लालबागमधली आमची ही जागा म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर. मुलगा-सून डोंबिवलीला असतात, इथे आम्ही दोघंच. एवढ्याशा जागेत महाराज येणार, म्हणून ज्या दिवसाची मी स्वप्नं बघितली, त्या दिवसात मी स्वतः कमरेला पदर खोचून सगळं करताना दिसायचे. खुर्चीत बसलेली कधीच दिसले नव्हते.

पाय कशामुळे बिघडला हे तेव्हा मला कळलं नव्हतं. भाचीच्या डोहाळजेवणाची साडी घ्यायला मी हिंदमाताच्या कापडबाजारात गेले होते, आणि हिंदमाताला पाऊस गाठतो तेव्हा काय होतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. पोटरीभर पाण्यातून साडी डोक्यावर धरून आले. साडी कोरडी राहिली, ह्याचाच आनंद मोठा. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत्याच, पण चिखल्या कुणाला होत नाहीत? खाज सुटली की खाजवायचं आणि कामाला लागायचं. मग नडगीवर लाली आली, सूज चढली, तेव्हा मी माझ्या अकलेने सगळे उपाय केले. बाम रगडला, गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं, वर फडकं घट्ट आवळून बांधलं. आमचे हे म्हणाले, अगं, पाय आहे की लोणच्याची बरणी? मी हसण्यावारी नेलं. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला, तरी वातावरणाचा म्हणून एक गोळी घेतली आणि गप्प बसले.

सून मानसी मूळची नाशिकची. पादुकांच्या तयारीसाठी ती सुट्टी काढून राहायला आली, आणि आल्या आल्या नमस्काराला वाकली. वाकलेली ती तशीच राहिली. माझ्या पायावर हात ठेवून म्हणाली, आई, हा पाय भाजतोय. त्यानंतर तिने माझं काही ऐकलं नाही. रिक्षा इकडे मिळत नाही म्हणून टॅक्सी करून मला आमच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई करी रोडला बसतात. माझ्या मुलाच्या वयाच्या आहेत, पण त्यांचा धाक मला माहेरच्या आत्यासारखा वाटतो. त्यांनी पाय दाबून पाहिला, बोटांच्या बेचक्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाल्या, दार इथे उघडं होतं, काकू. चिखल्यांनी फाटलेल्या कातडीतून जंतू आत शिरले आणि कातडीखाली पसरले. गावाकडे धावरं म्हणतात, तसलंच काहीसं. त्यात माझी साखर वाढलेली, म्हणजे पाहुण्यांना पंगतच वाढलेली. चोळणं बंद, शेकणं बंद, आवळून बांधणं बंद. गोळ्या दिल्या, त्या बरं वाटलं तरी शेवटपर्यंत संपवायच्या असं बजावलं. बेचक्यांत लावायला मलम दिलं. मग त्यांनी पेन घेतलं आणि लाली जिथे संपत होती तिथून माझ्या पायावर सबंध रेघ काढली. लाली रेघेच्या आत राहिली तर ठीक, बाहेर पडली किंवा ताप चढला तर ताबडतोब यायचं. तशी वेळ आली तर हॉस्पिटलात ठेवून शिरेतून औषध द्यावं लागेल.

“आणि गोळ्यांइतकंच महत्त्वाचं एक,” त्या म्हणाल्या. “झोपून राहायचं आणि पाय उशांवर ठेवायचा. छातीपेक्षा वर. स्टुलावर ठेवलात तर तो मी धरणार नाही.”

मी हो म्हटलं. दवाखान्यात हो म्हणायला काहीच लागत नाही. घरी आले आणि दिवाणावर आडवी व्हायला गेले, तेव्हा अडचण लक्षात आली.

आम्ही दोघं एरवी जमिनीवर आडवी अंथरुणं घालून झोपतो. पण ह्या पायाने खाली बसले तर उठवायला क्रेन लागली असती, म्हणून दिवाणाला पर्याय नव्हता. दिवाण भिंतीला लागून उभा आहे, दक्षिणोत्तर. उत्तरेच्या भिंतीत आमचं देवघर, संगमरवरी फळी ठोकून कायमचं बसवलेलं. दक्षिणेला डोकं करून झोपावं तर पाय सरळ देवांकडे, आणि ते नुसते नव्हेत, उशा रचून वर उचललेले. उत्तरेला डोकं करावं तर पाय दक्षिणेला, यमाकडे. माझ्या आईने आम्हा भावंडांना उत्तरेला डोकं करून झोपलेलं कधी पाहिलं तर ती गाढ झोपेतून फिरवून ठेवायची. एकीकडे देव, दुसरीकडे यम, आणि मध्ये माझा सुजलेला पाय.

घरातल्यांनी मार्ग सुचवले. ह्यांनी दिवाण आडवा टाकायचं म्हटलं, पण मग कपाट आणि दिवाण मिळून दार अडत होतं, आणि दर्शनाला येणारे लोक काय खिडकीतून येणार? मग ह्यांनी देवघराला पडदा लावतो म्हटलं. मी विचारलं, पडद्याआड देव नसतो काय? मानसीने मला कीर्तनातली ती गोष्ट सांगून पाहिली, पिंडीवर पाय ठेवून झोपलेल्या म्हाताऱ्याची, जिथे पाय फिरवावा तिथे देवच. मी म्हटलं, बाई गं, ती गोष्ट मोठ्या लोकांची. त्यांचे पायही त्या लायकीचे. माझे हिंदमाताच्या पाण्यातून आलेत.

तर मी डॉक्टरांना फसवायला लागले. दिवसभर खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवायचे, आणि रात्री दिवाणावर कशीबशी मुटकुळं करून पडायचे. दवाखान्यातून फोन आला की वर ठेवलाय हो, असं सांगायचे. गोळ्या मात्र घड्याळ लावून घेत होते, त्यात कसूर नाही. तापही उतरला. पण पायाची सूज जशी चढली होती तशीच राहिली, कातडी ताणून चकाकायला लागली, आणि एका सकाळी मानसीने दाखवलं, की घोट्याजवळ लाली रेघेच्या बाहेर डोकावते आहे.

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. खोटं पकडायला त्यांना काही तपासणी लागली नाही. म्हणाल्या, औषध त्याचं काम करतंय, तुम्ही तुमचं करत नाही आहात. पाणी खाली साचून राहिलं तर औषध तरी किती पुरणार? परवा सकाळी बघते. सूज उतरली नसेल तर सरळ भरती व्हायचं, आणि मग तुमचं काहीही ऐकणार नाही. त्या परवाच्या आदल्या दिवशी पादुका यायच्या होत्या.

त्या दिवशी घरी येताना मी पहिल्यांदा खरोखर घाबरले. माझ्या वडिलांच्या पायाचा अंगठा साखरेपायी कापावा लागला होता. त्यानंतर ते कोकणातल्या घराच्या पायरीवर बसून राहायचे, आणि आम्ही चप्पल पुढे केली की नको म्हणायचे. ते मला आठवत होतं. आपलाही पाय जाईल का, हाच विचार डोक्यात घोळत होता. तरीही देवाकडे पाय करायचा म्हटलं की माझी मान आपोआप नकारार्थी हलायची. भीती आणि भक्ती ह्यांच्या ओढाताणीत शहाणपणाला कुणी विचारतच नव्हतं.

पादुका आल्या त्या सकाळी मी काहीच केलं नाही. मानसीने उंबऱ्यावर रांगोळी काढली, ह्यांनी सोवळं नेसून पंचामृत कालवलं, शेजारच्या बायकांनी नैवेद्य रांधला. देवघराखाली चौरंगावर नवं वस्त्र, मागे टेकायला मुद्दाम शिवून घेतलेला पांढऱ्या खोळीचा जाडजूड लोड. सेवेकरी काका पादुका डोक्यावर घेऊन आत आले तेव्हा मला रडू फुटलं, आणि त्यातलं अर्धं रडू, खोटं कशाला सांगू, माझ्यावाचून सगळं सुरळीत चालल्याचं होतं. मी चौरंगाच्या बाजूला खुर्चीत. पाय खाली एका पाटावर, लोकांच्या नजरेला नको म्हणून मानसीने पाटासकट तो चौरंगासारख्याच पांढऱ्या कापडाने झाकला होता. पण पावलाला कापडाचा काच सहन होईना, म्हणून तेवढं मी उघडंच ठेवलं होतं.

अभिषेक झाला, दर्शनाची रांग लागली. आमच्या इमारतीखाली फुलांचं दुकान आहे. त्यांच्याकडे देवगडहून एक म्हातारी आत्या आली होती, परळला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला. दोन्ही डोळ्यांनी तिला धुक्यातल्यासारखं दिसत होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. ती हातात मोगऱ्याची ओंजळ घेऊन, भिंत चाचपत पुढे आली. पांढरं कापड दिसलं तशी थांबली. हाताने पाट चाचपला, फुलं वाहिली, आणि अगदी सावकाश वाकून तिने कपाळ टेकलं. माझ्या पावलावर.

मला पाय ओढून घेता येईना. दुखण्यामुळे नाही, भीतीनेच तो लाकूड झाला होता. एवढी वयस्क बाई, माझ्या आईच्या वयाची, आणि महाराजांच्या समोर माझ्या पायावर डोकं ठेवून काहीतरी पुटपुटते आहे. मी कसंबसं म्हटलं, आजी, अहो, तो माझा पाय. पादुका इकडे आहेत.

तिने डोकं उचललं, पण हात उचलला नाही. उलट पावलावरून तळवा फिरवला. “तरी म्हटलंय, महाराजांचे पाय इतके तापलेले कित्याक?”

रांगेत खसखस पिकली. मी मात्र घामाघूम. मी म्हटलं, आजी, मला पाप लागलं हो. ती म्हणाली, “टेकला ता टेकला. आता काय परत घेव?” आणि मग तिने विचारलं, एवढा सुजलेला पाय असा खाली सोडून का बसलीस? मानसीने माझ्या आधीच सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाल्या, दिवाण कसा, देवघर कुठे, यम कुठे. माझी सगळी अब्रू रांगेसमोर मांडली. म्हातारी ऐकत होती, हात माझ्या पायावरच. ऐकून झाल्यावर तिने अगदी साधेपणाने, उत्तर खरंच हवं असल्यासारखं विचारलं.

“दुखणारो पाय देवाक दाखवूचो नाय, तर कोणाक दाखवूचो?”

मी देवाला तोंड दाखवलं होतं, हात जोडून दाखवले होते, बटाटेवड्यापासून साखरभातापर्यंत नैवेद्य दाखवले होते. जे दुखत होतं तेवढंच कापडाखाली झाकून ठेवलं होतं. सगळे जण आता सेवेकरी काकांकडे बघत होते, कारण पादुका त्यांच्या स्वाधीन आणि शब्द त्यांचा. मला दिवाणावर निजवायला काकांनी मानसीला खूण केली. दक्षिणेला डोकं. घरातल्या दोन्ही उशा पायाखाली घातल्या, पण त्या बिचाऱ्या आमच्या लग्नातल्या, चपात्यांसारख्या झालेल्या. पाय छातीच्या वर काही जाईना. तेव्हा काका चौरंगाकडे गेले, पादुकांच्या मागचा तो पांढरा लोड काढला आणि माझ्या पोटरीखाली सरकवला.

मी म्हटलं, काका, अहो, तो महाराजांना टेकायला.

“महाराजांना भिंत आहे,” काका म्हणाले.

त्यानंतर दिवसभर मी तशीच पडून होते. पाय वर, तळवा सरळ पादुकांकडे. दर्शनाला जो येई त्याला आधी माझा पाय दिसे आणि मग महाराज. सुरुवातीला मी डोळे मिटून घेतले, लाजेने. दुपारच्या आरतीला सगळे उभे राहिले, मी झोपूनच टाळ्या वाजवल्या, आणि गंमत म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मला आरती नीट ऐकू आली. एरवी मी आरतीत निरांजन सांभाळते, कापूर बघते, प्रसादाचं ताट झाकलंय का ते तपासते. त्या दिवशी मला बघायला फक्त एकच दिशा होती. माझ्या पायाच्या अंगठ्याच्या बाजूला पादुकांचे अंगठे दिसत होते. कधी डोळा लागला ते कळलं नाही. इतक्या दिवसांत अशी झोप लागली नव्हती.

संध्याकाळी पादुका निघाल्या. मी उठायला लागले तर काकांनी हातानेच नको म्हटलं. पादुका डोक्यावर घ्यायच्या आधी ते दिवाणाजवळ आले, आणि मी पडल्या पडल्या हात लावून नमस्कार केला. चांदी गार होती. आजी म्हणाली ते खरंच, महाराजांचे पाय तापत नाहीत. लोड मात्र त्यांनी नेला नाही, पाय बरा होईपर्यंत राहू दे म्हणाले. मानसीने दिव्याच्या उजेडात पाय पाहिला, तेव्हा सकाळची चकाकी गेली होती आणि घोट्यावर सुरकुत्या दिसायला लागल्या होत्या. सुरकुत्या दिसल्याचा एवढा आनंद बायकांनी क्वचितच केला असेल.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी पाय दाबला, लाली रेघेच्या बरीच आत सरकली होती. भरतीचं नाव त्यांनी काढलं नाही. एका दिवसात काय केलंत, म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की बाहेरच्या बाईने डोकावून पाहिलं. म्हणाल्या, महाराजांना माझा नमस्कार सांगा, आणि लोड काढू नका. सूज सगळी उतरायला पुढे कितीतरी दिवस लागले. गोळ्या मी शेवटच्या गोळीपर्यंत संपवल्या. साखर आवरली. आता आंघोळ झाली की पायाची बोटं एकेक करून पुसते, बेचक्यांत पाणी राहू देत नाही. मठात अभिषेकानंतर पादुकांची प्रत्येक खोबण आम्ही मऊ फडक्याने टिपून घेतो, तेवढी माया स्वतःच्या पायांवर करावी असं मला कधी सुचलंच नव्हतं.

हे औषधाने झालं की कृपेने, असं मला कुणी विचारलं तर मी वाद घालत नाही. औषध घरात होतंच. उशांचा उपाय पहिल्याच दिवशी सांगितलेला होता. तो माझ्या गळी उतरवायला कुणीतरी यायला हवं होतं, आणि ते आलं. शरण जायचं म्हणजे डोकं खाली टेकवायचं, एवढंच मी जन्मभर समजत आले. माझ्या वाट्याला पाय वर करणं आलं, आणि ते डोकं टेकवण्यापेक्षा किती अवघड गेलं ते माझं मला ठाऊक. डोकं टेकवताना आपण थोडे चांगले दिसतो. पाय वर करून पडलेला माणूस नुसता जसा असेल तसा दिसतो, आणि महाराजांना तो तसाच चालतो.

चालता यायला लागल्यावर मी पहिल्यांदा खाली फुलवाल्यांकडे गेले. आजींचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावून त्या दारात वाती वळत बसल्या होत्या. मी कोण ते त्यांना चेहऱ्यावरून कळणं शक्यच नव्हतं, मी सांगितलं तेव्हा चष्मा वर करून त्यांनी मला नाही, खाली बघितलं.

“बघूया तरी, खयच्या पायार डोक्या टेकलंय ता.”

मी साडी जरा वर धरून पाऊल पुढे केलं. नव्या डोळ्यांनी त्यांनी ते अगदी जवळून, वाकून न्याहाळलं. मग चष्मा खाली केला आणि वात हातात घेतली.

“साधोच आसा गो,” त्या म्हणाल्या.

मीही खाली पाहिलं. सूज नाही, लाली नाही, चार सुरकुत्या, पन्नाशी उलटलेल्या बाईचं असतं तसं पाऊल. मी म्हटलं, हो आजी, साधाच आहे. आणि तिथेच, फुलांच्या टोपल्यांमध्ये उभी राहून, मी महाराजांना हात जोडले.